घरची मोठी गोधडी

आपल्या घरातल्या ट्रंकेत आईचे नाहीतर आजीचे एखादे सुती लुगडे असेल. नेसण्याजोगे राहिलेले नाही, आणि टाकवतही नाही. त्याची गोधडी शिवावी. कित्येक गावांत हिलाच वाकळ म्हणतात.

९ वारी लुगड्याचे चार सारखे तुकडे केले, तर प्रत्येक सव्वादोन वारांचा होतो. दोन-दोन तुकडे काठाला काठ लावून जोडले, की मोठ्या गोधडीची वरची आणि खालची अशा दोन्ही बाजू एकाच लुगड्यात निघतात. आत जुनी धोतरे, चादरी यांचे दोन-तीन थर पुरेत. ऊब येते ती थरांमध्ये अडकलेल्या हवेमुळे. थर फार वाढवले, तर सुई शिरत नाही आणि धुताना ओली गोधडी दोघींनाही उचलवत नाही. नवे कोरे कापड मात्र घालू नका. जुने कापड आधीच आटलेले असते. नवे पहिल्या धुण्यात आटते आणि सगळीकडे चुण्या पडतात. नायलॉनचे तर नावच नको. ते घसरते, घामही शोषत नाही.

कॉलेजात असताना मी हौसेने एक गोधडी शिवायला घेतली. लवकर उरकावे म्हणून धावदोऱ्याच्या ओळी वीतभर अंतराने घातल्या. झाले! पहिल्याच धुण्यात आतले तुकडे एका कोपऱ्यात गोळा झाले. आई रागावली नाही. सगळे टाके उसवून एवढेच म्हणाली, "बोटभर, बाबा. त्याहून जास्त अंतर नको."

मग तिने थर जमिनीवर पुन्हा अंथरले, कोपऱ्यांवर वजने ठेवून ताणले आणि मोठ्या कच्च्या टाक्यांनी आधी टाचून घेतले. ही टाचणी चुकवू नका. नाहीतर मध्ये फुगा येतो. पुढे कडेपासून चौकोनात चौकोन घालत मध्यावर यायचे. दोरा दीड हातच घ्या, लांब दोऱ्याचा गुंता होतो. एक हात गोधडीखाली असू द्या. सुईचे टोक बोटाला लागले, म्हणजे टाका सगळ्या थरांतून गेला.

आईला आता सुई ओवता येत नाही. तिच्याच हिरव्या लुगड्याची गोधडी दिवाळीपासून आमच्याकडे चालली आहे. सुई मी ओवून देतो, टाके ती घालते. रोज दोन ओळी होतात. मध्यावर यायला अजून हातभर जागा आहे.