कार्डावरून गेलेले फोटो परत कसे येतात?

लग्नाहून परतल्यावर कॅमेऱ्याचं कार्ड रिकामं करताना भलतंच बटण दाबलं जातं आणि पोटात गोळा येतो. त्या घाईत पुष्कळ जण कॅमेरा नीट चालतोय ना, हे बघायला दोन फोटो काढतात. ते मात्र करू नका. का, ते कार्डाच्या आत डोकावल्यावर कळेल.

32 जीबीपर्यंतच्या एसडी कार्डावर सहसा फॅट32 ही मांडणी असते. जागेचे लहान लहान तुकडे, म्हणजे क्लस्टर, पाडलेले असतात. क्लस्टर 32 केबीचा धरला तर 6 एमबीचा फोटो 192 क्लस्टर व्यापतो. एका यादीत फाइलचं नाव, आकार आणि पहिला क्लस्टर लिहिलेला असतो. पुढचा तुकडा कुठे, हे दुसऱ्या तक्त्यात. हा कार्डाचा सातबाराच म्हणा. फाइल डिलीट केली की यादीतल्या नावाचं पहिलं अक्षर बदलून तिथे खुणेचा एक बाइट बसतो आणि तक्त्यातल्या नोंदी शून्य होतात. फोटोला कुणी हातही लावलेला नसतो. फक्त ती जमीन आता पडीक समजली जाते. पुढचा फोटो तिथेच वस्ती करू शकतो. (1991च्या एमएस-डॉस 5मधली 'अनडिलीट' आज्ञा फाइलच्या नावाचं पहिलं अक्षर आपल्यालाच विचारायची, ते यामुळेच.)

परत आणताना पहिला क्लस्टर आणि आकार यादीतून घ्यायचा आणि तिथून सलग 192 तुकडे उचलायचे. कॅमेरा बहुधा सलगच लिहितो, म्हणून हे जमतं. पण मधूनमधून नको ते फोटो पुसायची सवय असेल तर नवा फोटो विखरून बसतो. मग वर नवरदेवाचं डोकं आणि खाली करडा पट्टा!

यादीच गेली असेल, तर फोटोच्या अंगावरची खूण शोधायची. प्रत्येक जेपेगची सुरुवात एफएफ, डी8, एफएफ या बाइटांनी होते. क्रिस्तोफ ग्रेनिए यांचं फोटोरेक हे मोफत सॉफ्टवेअर कार्ड वाचत जाऊन अशा खुणा टिपतं. मूळ नावं मात्र मिळत नाहीत. सुदैवाने कॅमेऱ्याने फोटोच्या आतच वेळ नोंदवलेली असते, तीवरून क्रम लावता येतो.

तेव्हा कार्ड काढा आणि त्याच्या कडेची बारीक कळ 'लॉक'वर सरकवा. कार्डाची हुबेहूब प्रत संगणकावर घ्या आणि शोध त्या प्रतीतच घ्या. सापडलेलं काहीही परत त्याच कार्डावर उतरवू नका.

लॅपटॉपमधल्या एसएसडीची गोष्ट वेगळी. विंडोज 7पासून (2009) 'ट्रिम' आज्ञा मोकळी झालेली जागा डिस्कला कळवते, आणि त्यानंतर तिथे वाचायला गेलं तर बहुधा शून्यच हाती येतात. तिथे सॉफ्टवेअरमागे रात्र घालवण्यापेक्षा ती फाइल पूर्वी कुणाला पाठवली होती, ते आठवून त्याला फोन करा.