काळ्या दगडावरचा उजेड

हनुमान जयंतीच्या आदल्या रात्री छत्रपती संभाजीनगरहून खुलताबादच्या भद्रा मारुतीकडे हजारो माणसं पायी निघतात. दौलताबादचा घाट चढताना कुणाच्या हातात बॅटरी असते, कुणी मोबाइलचा दिवा लावतं, बरेच जण तसेच चालतात. चैत्र पौर्णिमा तोंडावर आलेली असते, आभाळ बहुतेक निरभ्र असतं आणि तेवढं चांदणं चालायला पुरतं. हे चांदणं मोजलं तर किती भरतं? डोक्यावर पूर्ण चंद्र असताना जमिनीवर जेमतेम पाव लक्स. घरातल्या बैठकीत रात्री दिवा लावल्यावर शंभर लक्सच्या आसपास उजेड असतो. म्हणजे बैठकीच्या चारशेव्या हिश्श्यात माणसं घाट चढतात. अंधाराला सरावायला डोळ्यांना वीस-तीस मिनिटं मिळालेली असतात आणि पायांना घाई नसते, म्हणून ते जमतं.

सायकलवर हे गणित फिरतं. ताशी 25 किलोमीटर वेगाने उतरणारा सायकलस्वार सेकंदाला सात मीटर कापतो. समोर दगड दिसला, तो दगड आहे हे कळलं, बोटं ब्रेकवर गेली, एवढ्यात दीड सेकंद जातो आणि दहा मीटर वाट सरते. सुट्या मुरमावर चाक घसरू न देता थांबायला आणखी सहा मीटर धरायला हवेत. वेग 35 वर गेला की हाच हिशेब सत्तावीस मीटरपर्यंत जातो. दिवा निवडताना विचारायचा पहिला प्रश्न एवढाच: आपल्या वेगाला लागणारं अंतर हा दिवा नीट दाखवतो का?

शहराच्या भोवती रात्री सायकल चालवण्याजोगत्या वाटा कमी नाहीत. विद्यापीठामागची गोगाबाबा टेकडी, लेण्यांच्या पायथ्याचा भाग, दक्षिणेला साताऱ्याच्या खंडोबामागचे डोंगर. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो आणि दिवसभर कारखान्यात किंवा कचेरीत अडकलेल्या माणसाला सायकल काढायला अंधारच उरतो. पण इथली जमीन उजेडाला फारशी साथ देत नाही. सगळा दख्खनचा काळा पाषाण. ताजा फुटलेला बेसाल्ट अंगावर पडलेल्या उजेडातला दहाव्या हिश्श्याएवढाच परत पाठवतो, बाकीचा गिळतो. युरोपातल्या फिकट चुनखडीच्या वाटेवर चमकलेला दिवा इथे मंद वाटतो, त्यात दिव्याचा दोष नसतो. मुरमाची तांबूस पायवाट त्यातल्या त्यात बरी. खरा घात करतो तो तिच्यात अर्धवट रुतलेला काळा गोटा.

खोक्यावरच्या आकड्यांनी इथेच फसायला होतं. दुकानात पहिला आकडा सांगितला जातो तो लुमेनचा: दिव्यातून सगळ्या दिशांनी मिळून किती उजेड बाहेर पडतो, याचं ते माप. तो उजेड वाटेवर पडतो की बाभळीच्या शेंड्यावर, याबद्दल ते काहीच सांगत नाही. झोत किती एकवटलेला आहे हे सांगतो कँडेला. ‘एवढे मीटर पल्ला’ असं लिहिलेलं असतं तेव्हाही तो पल्ला कसा ठरतो हे माहीत असावं. अमेरिकेत 2009 साली ठरलेल्या एफएल-1 या मानकानुसार, झोताचा उजेड पाव लक्सवर येतो तिथे पल्ला संपतो. पाव लक्स, म्हणजे पौर्णिमेचं चांदणं. त्या अंतरावर भाविक चालू शकेल. सायकलस्वाराने तिथला खड्डा ओळखण्याची आशा धरू नये. मग आकडा वापरायचा कसा? उजेड अंतराच्या वर्गाने घटतो, म्हणून पल्ल्याला आठने भागावं. 200 मीटरचा दावा खरा असेल तर 25 मीटरवर झोताच्या मध्यभागी 16 लक्स मिळतात. काळ्या दगडालाही तेवढे पुरतात.

एवढं करून दिवा लावायचा कुठे, हा प्रश्न उरतोच, आणि खरं तर तो लुमेनपेक्षा मोठा आहे. हेल्मेटवर दिवा लावणं सगळ्यांना आवडतं. मान वळेल तिकडे उजेड. पण रात्री अंगणात मुठीएवढा दगड ठेवून एक प्रयोग करून पाहावा. बॅटरी कपाळाला लावून पाहिलं तर दगडाची सावली दगडाच्याच मागे लपते आणि तो जमिनीला चिकटवलेल्या चित्रासारखा सपाट दिसतो. बॅटरी कमरेपर्यंत खाली आणली की सावली लांबते आणि दगडाला उंची येते. हँडलवरचा दिवा जमिनीपासून साधारण मीटरभर उंच असतो. दहा मीटरवरच्या दहा सेंटिमीटर उंच गोट्याची सावली तो मीटरभर लांब पाडतो. डोळा उंची ओळखतो ती या सावलीवरून. खड्ड्याचंही तेच, हेल्मेटच्या एकट्या दिव्यात खड्डा मुरमाच्या रंगात विरघळून जातो.

म्हणून एकच दिवा घेण्याची ऐपत असेल तर तो हँडलवरचा घ्यावा. रुंद झोताचा, आठशे ते बाराशे खऱ्या लुमेनचा. त्याची उणीव तीव्र वळणावर कळते: हँडल वळायच्या आधी नजर वळलेली असते आणि दिवा मात्र दरीकडे बघत राहतो. दुसरा दिवा हेल्मेटवर हवा तो यासाठी. तो अरुंद झोताचा, हलका असावा. दीडशे ग्रॅमच्या वर गेला की तासाभरात मान बोलू लागते.

दोन दिव्यांची ही चैन नवीच. आधीच्या पिढ्यांनी सायकलवर कार्बाइडचा दिवा पाहिला. पाण्याचे थेंब पडून ॲसिटिलीन वायू तयार व्हायचा आणि तो पेटवायचा. मग टायरला घासणारा सहा व्होल्टचा, तीन वॉटचा डायनॅमो आला. चढावर सायकल रेंगाळली की दिवाही पिवळा पडायचा. डोंगरी सायकलच्या दिव्यांना खरी कलाटणी मिळाली ती अमेरिकेत. वेस्ट व्हर्जिनियात 1992 साली लेअर्ड नाइट यांनी ‘ट्वेंटी फोर अवर्स ऑफ कनेन’ ही चोवीस तासांची शर्यत सुरू केली आणि जंगलातली अख्खी रात्र उजळण्याची गरज अनेकांना एकदम पडली. तेव्हा हाताशी हॅलोजन होते, वॉटमागे वीसेक लुमेन देणारे. बॅटऱ्या पाण्याच्या बाटलीएवढ्या. पुढच्याच वर्षी जपानमध्ये शुजी नाकामुरा यांचा झगझगीत निळा एलईडी आला. त्यावर पिवळ्या फॉस्फरचा लेप दिला की पांढरा उजेड मिळतो. आज वॉटमागे शंभराच्या वर लुमेन सहज मिळतात.

रात्रीच्या सायकलिंगचा विषय निघाला की महाराष्ट्रात ‘रॅम’चं नाव येतंच. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी 2015 साली अमेरिका आडवी कापणारी ही शर्यत जोडीने पूर्ण केली. 2017 साली नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्याने पार केली. पण त्या शर्यतीत रात्री सायकलच्या मागे सोबतची गाडी चालते आणि रस्ता तिच्या हेडलाइटमध्ये उजळतो. गोगाबाबाच्या उतारावर मागे कुणी नसतं. दिवा विझला की विझला.

त्यामुळे सेलकडे कानाडोळा करून चालत नाही. बहुतेक दिव्यांत 18650 नावाचा सेल असतो: 18 मिलिमीटर जाड, 65 मिलिमीटर लांब. चांगल्यातला चांगला घेतला तर साडेतीन हजार मिलिअँपिअर-तास, म्हणजे साडेबारा वॉट-तास ऊर्जा. हजार लुमेनला दहा वॉट लागतात असं धरलं तर एका सेलवर सव्वा तास, फार तर. एकाच सेलवर ‘हजार लुमेन, पाच तास’ असं छापलेलं असेल तर ते खोटं आहे, किंवा पहिल्या काही मिनिटांनंतर उजेड गुपचूप उतरवलेला आहे. वर सांगितलेल्या मानकात उजेड सुरुवातीच्या दहा टक्क्यांवर येईपर्यंतचा वेळ ‘चालण्याचा वेळ’ म्हणून मोजतात, हेही लक्षात ठेवावं. सेलवर 9900 छापलेलं दिसलं तर घेऊच नये, इतकी ऊर्जा त्या आकारात मावत नाही. शंका आली तर सेल तोलून पाहावा. चांगला सेल 45 ते 50 ग्रॅमचा असतो. फार हलका निघाला तर आत काय आहे देव जाणे.

पावसाळ्यात म्हैसमाळच्या धुक्यात हेल्मेटचा दिवा बंद करावा लागतो. डोळ्यांजवळून निघालेला उजेड धुक्यावर आपटून थेट डोळ्यांत परत येतो आणि समोर पांढरी भिंत उभी राहते. हँडलचा दिवा तेवढा ठेवावा, खाली झुकवून. किडेही हेल्मेटच्या दिव्यापाशी, म्हणजे तोंडापाशीच गोळा होतात.

खुलताबादच्या रस्त्यावर पायी चालणारे समोर आले तरी हेल्मेटचा दिवा मालवायलाच हवा. ज्याच्याकडे बघाल त्याच्या डोळ्यांत तो झोत जातो आणि वीस मिनिटं सरावलेली त्याची नजर क्षणात मारली जाते. जर्मनीत सायकलच्या दिव्याचा झोत वरून कापलेला असावा लागतो, मोटारीच्या ‘डिपर’सारखा. तिथला कायदा एवढा काटेकोर की 2013 पर्यंत 11 किलोहून जड सायकलींना डायनॅमो सक्तीचाच होता. डांबरी रस्त्यावर असा कापलेला झोत उत्तम. डोंगरवाटेवर मात्र डोक्याच्या उंचीवरची बोरीची फांदी तो दाखवत नाही.

जनावरांबाबत मात्र हेल्मेटचा दिवा कामाला येतो. कुत्रा, गाय, बिबट्या यांच्या डोळ्यांतला पडदा उजेड आल्या दिशेलाच परत पाठवतो. दिवा आपल्या डोळ्यांजवळ असला की ती चमक लांबूनच दिसते. बिबट्याचं नाव इथे उगाच घेतलेलं नाही. डिसेंबर 2019 मध्ये सिडकोच्या एन-1 भागात वनविभागाने एक पकडला, जुलै 2024 मध्ये उल्कानगरीत दुसरा फिरताना दिसला. गौताळा अभयारण्यात तर 2021 साली टिपेश्वरहून चालत आलेला वाघ पोहोचला. अभयारण्याच्या आतल्या वाटा अंधार पडल्यावर सायकलला बंदच असतात, आणि हजार लुमेनचा दिवा हातात असणं हा ती बंदी मोडण्याचा परवाना होत नाही.

टेकडीवरून उतरून शहरात शिरताना पुढचे दोन्ही दिवे कमी करता येतात. मागचा लाल दिवा तेव्हा लागलेला असलाच पाहिजे. जालना रोडवर मागून येणाऱ्या ट्रकवाल्याला दिसतो तो तेवढाच. त्याला वेगळा सेल असावा आणि निघण्याआधी पाहणी त्याचीच पहिली व्हावी, कारण चालवणाऱ्याला तो विझलेला कळत नाही.