नेट बंद केलं की झोप येते का?

मागच्या सेमिस्टरला माझा रूम पार्टनर पहाटे चारपर्यंत मोबाईलवर असायचा. आधी सकाळची लेक्चर्स बुडाली, मग प्रॅक्टिकल्स, शेवटी मेसमध्ये येणंही बंद. "याला नेटचं व्यसन लागलंय," आम्ही म्हणायचो. सबमिशनच्या आदल्या रात्री मी चिडून त्याचा फोनच काढून घेतला. तो काही बोलला नाही. भिंतीकडे तोंड करून उजाडेपर्यंत जागाच पडून होता. तेव्हा मी चरकलो.

मग थोडं वाचलं. गंमत म्हणजे 'इंटरनेट ॲडिक्शन डिसऑर्डर' हे नाव १९९५ मध्ये अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ आयव्हन गोल्डबर्ग यांनी चक्क थट्टेत काढलं होतं! त्याच सुमारास किंबर्ली यंग या मानसशास्त्रज्ञ बाईंनी मात्र विषय गंभीरपणे घेतला आणि पुढे २० प्रश्नांची चाचणी तयार केली. तुम्ही किती तास बसता यापेक्षा झोप, अभ्यास, जवळची माणसं यांचं काय झालं, यावर तिचा भर आहे. ऑफलाइन असताना उदास वाटतं आणि ऑनलाइन गेलं की बरं वाटतं, असं होतं का, हाही एक प्रश्न आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या यादीत गेमिंगचा विकार आहे, सरसकट इंटरनेटचा नाही.

खरी भानगड अशी, की हे दोन्ही बाजूंनी चालतं. डिप्रेशनमध्ये माणसं नकोशी होतात, फोन "काय झालं?" विचारत नाही, म्हणून तो बरा वाटतो. त्यापायी झोप जाते, दिवस वाया जातो, केटीची भीती वाढते, की पुन्हा फोन. सुरुवात कुठून झाली, ते बाहेरून दिसत नाही.

आयआयटी मुंबईने २००७ मध्ये होस्टेलचं नेट रात्री अकरापासून बंद ठेवलं होतं. आज वाय-फाय बंद केलं तरी प्रत्येकाच्या खिशात डेटा पॅक आहेच. आणि माझ्या पार्टनरचं तर फोन नसतानाही तेच झालं होतं!

तेव्हा रूममधला कुणी दोन आठवडे जेवणाखाण्यात, मित्रांत, कशातच नसेल, तर फोन हिसकावू नका, शेजारी बसून विचारा. टेली-मानसचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं. जगणं नको अशी भाषा आली, तर त्याला एकटं सोडू नका, रेक्टर सरांना तेव्हाच उठवा.

माझा पार्टनर समुपदेशकांकडे जायला लागला. पहिल्या दिवशी मी बाहेर बाकावर बसून होतो. त्याच्या दोन केटी राहिल्यात, पण रात्री मेसला येतो.