ॲव्हरेज किती? कागदावरचं आणि पौड रस्त्यावरचं

आज आपण गाडीच्या ॲव्हरेजबद्दल बोलणार आहोत. हा पुरुषांचा विषय आहे असं कुणी म्हणालं, तर त्यांना एवढंच विचारा, की पेट्रोलचे पैसे कुणाच्या बटव्यातून जातात?

कोळवण खोऱ्यातून तांदूळ, पौड-माले भागातून भाजी, तूप, पापड-लोणची घेऊन कोथरूडला जाणाऱ्या आपल्या कितीतरी जणी आहेत. कुठे गटाने मिळून जुनी छोटी गाडी घेतलेली असते, कुठे एकीच्या घरची गाडी असते आणि बाकीच्या जणी डिझेलचे पैसे वाटून देतात. दोन्हीकडे हिशेब एकाच आकड्यावर उभा असतो. एका लिटरला गाडी किती किलोमीटर जाते?

तो आकडा चुकला तर काय होतं, ते पाहा. समजा, गटाने २०१८ सालची जुनी डिझेल स्विफ्ट घेतली. या गाडीचा कंपनीने जाहीर केलेला आकडा होता लिटरला २८.४ किलोमीटर. विकणाराही तोच सांगणार. गटाने तो २८ धरला. जाऊन-येऊन ७० किलोमीटरची फेरी, म्हणजे अडीच लिटर डिझेल. भाव ९१ रुपये धरला तर सव्वादोनशेच्या आसपास. पाच जणींत वाटले की प्रत्येकी ४५ रुपये. वहीत लिहिलं, झालं.

आता प्रत्यक्षात गाडी १८ चं ॲव्हरेज देत असेल, तर त्याच फेरीला जवळजवळ चार लिटर डिझेल लागतं, म्हणजे साडेतीनशे रुपये. फेरीमागे सव्वाशे रुपये कमी पडतात. आठवड्याला दोन फेऱ्या धरल्या तर महिन्याला हजार रुपये. हे हजार रुपये कोण भरतं? जी गाडी चालवते ती. आणि तिने पैसे वाढवून मागितले, की बाकीच्यांच्या मनात येतं, डिझेल मुरतंय कुठे? चांगल्या चाललेल्या गटात फूट पडायला एवढं पुरतं. बाई खोटं बोलत नसते. आकडाच आपल्या रस्त्याचा नसतो.

मग तो कुठला असतो? गंमत म्हणजे हा आकडा देणारी देशातली मोठी संस्था आपल्या पौड रस्त्याला लागूनच आहे. कोथरूडच्या वेताळ टेकडीवर १९६६ साली स्थापन झालेली एआरएआय, म्हणजे ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया. जाहिरातीत आकड्याखाली बारीक अक्षरात हेच नाव असतं. अशा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत नवी गाडी रस्त्यावर नेतच नाहीत. खोलीत मोठ्या रुळांवर तिची चाकं ठेवतात. गाडी जागेवरच उभी, खाली रूळ फिरतात. चालकाने किती सेकंद थांबायचं, किती वेग घ्यायचा, कधी ब्रेक दाबायचा, सगळं आधी ठरलेलं. या ठरलेल्या चालीला मॉडिफाइड इंडियन ड्रायव्हिंग सायकल म्हणतात. त्याचं लघुरूप एमआयडीसी होतं, पण हिंजवडीच्या एमआयडीसीशी त्याचा काही संबंध नाही!

ही चाचणी चालते १,१८० सेकंद, म्हणजे वीस मिनिटांना थोडी कमी. तेवढ्यात गाडी साडेदहा किलोमीटरच्या आसपास ‘जाते’. सरासरी वेग ताशी ३२ किलोमीटर, जास्तीत जास्त ९०. एसी बंद, चढ नाही, खड्डा नाही, पुढे ट्रक नाही. आणि किती पेट्रोल जळलं हे टाकीत बघून ठरवत नाहीत. धुरांड्यातून निघालेला वायू गोळा करतात, त्यात कार्बन किती आहे ते मोजतात आणि त्यावरून इंधनाचा हिशेब मांडतात.

यात लबाडी नाही, हे मी मुद्दाम सांगते. दोन गाड्यांची तुलना करायची तर दोघींना एकाच परीक्षेला बसवावं लागतं, त्यासाठी ही सोय आहे. लबाडी होते ती नंतर, शोरूममध्ये ‘एवढं ॲव्हरेज मिळेल’ असं छातीठोक सांगितलं जातं तेव्हा. हा फरक काही आपल्याकडेच नाही. युरोपात आयसीसीटी नावाच्या संस्थेने हजारो गाड्यांचे खरे आकडे जमवून पाहिले. २००१ साली तिथल्या नव्या गाड्या कागदापेक्षा सरासरी ९ टक्के जास्त इंधन खात होत्या. २०१५ पर्यंत हा फरक ४२ टक्क्यांवर गेला होता.

आता आपल्या रस्त्याकडे येऊ. आपल्याकडे आकडा खाली येतो त्याचं पहिलं कारण म्हणजे घाट. पिरंगुटचा घाट आणि पुढे ताम्हिणी. छोटी गाडी आणि आत पाच जणी मिळून वजन होतं साधारण तेराशे किलो. एवढं वजन ३०० मीटर उंच चढवायला सपाटीवरच्या खर्चाव्यतिरिक्त तीनशे ते चारशे मिली इंधन जादा लागतं. त्यातलं थोडं उतरताना परत मिळू शकतं, पण चालवणाऱ्याला ठाऊक असेल तरच. पुष्कळ जण उतारावर गाडी न्यूट्रल करतात, पेट्रोल वाचतं म्हणून. आताच्या गाड्यांत नेमकं उलटं होतं. गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलेटरवरचा पाय काढला, की इंजिनात जाणारं इंधन जवळजवळ बंदच होतं, कारण चाकंच इंजिन फिरवत असतात. न्यूट्रल केली तर इंजिन चालू ठेवायला इंधन जळतच राहतं. शिवाय सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि ऐन वळणावर धरत नाहीत. ताम्हिणीत, तेही पावसात, हा खेळ करायचा नाही. ज्या गिअरमध्ये चढली असती, त्याच गिअरमध्ये उतरवायची.

दुसरं कारण थंड इंजिन. चुलीचं आपल्याला ठाऊक आहे, पेटेपर्यंतच जास्त सरपण खाते. इंजिनही गरम होईपर्यंत जास्त पितं. वाडीवरून डांबरी रस्त्यापर्यंत तीन किलोमीटर जायचं, गाडी बंद करायची, दोन तासांनी परत तीन किलोमीटर. अशा फेऱ्यांत कुठल्याच गाडीचं ॲव्हरेज चांगलं येत नाही. दोन-तीन कामं एका फेरीत बसवली, तर तेवढ्यानेच फरक पडतो.

मग भूगावची कोंडी. उभ्या गाडीचं ॲव्हरेज शून्य असतं! छोटं इंजिन उभ्याउभ्या तासाला साधारण अर्धा ते एक लिटर जाळतं, एसी लावला तर वरच्या अंगाला. गाडी हलणार नाही असं दिसलं, की बंद करावी.

चाकातली हवा हा सगळ्यात स्वस्त उपाय, आणि सगळ्यात दुर्लक्षित. किती हवा हवी ते चालकाच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेलं असतं. त्यात मागे माल भरल्यावर किती, हेही वेगळं दिलेलं असतं. तांदळाची पोती घालून निघणाऱ्यांनी ते जरूर वाचावं.

आता सगळ्यांचा लाडका प्रश्न, डिझेल घ्यावी की पेट्रोल? डिझेल गाडी लिटरला जास्त जाते हे खरं. याची कारणं दोन. एक तर डिझेल इंजिन इंधनातली जास्त शक्ती कामाला लावतं. दुसरं म्हणजे डिझेल जड असतं. लिटरभर डिझेलचं वजन ८३० ग्रॅमच्या आसपास, पेट्रोलचं ७४० च्या. पातळ ताक आणि घट्ट ताक, मापाने दोन्ही एक लिटर, पण घट्टात जास्त ऐवज, तसंच हे.

पण ‘डिझेल परवडतं’ ही म्हण झाली ती जुन्या भावांमुळे. २०१२ च्या मे महिन्यात दिल्लीत पेट्रोल ७३ रुपयांवर गेलं होतं आणि डिझेल ४१ च्या आत होतं, कारण डिझेलचा भाव सरकार धरून ठेवत होतं. ऑक्टोबर २०१४ मध्ये ते नियंत्रण उठलं आणि दोन्ही भाव जवळ आले. पुढे १ एप्रिल २०२० पासून धुराचे बीएस-६ नियम आले. छोट्या डिझेल इंजिनला ते पाळणं महाग पडतं, म्हणून मारुतीने डिझेल गाड्याच बंद केल्या. आता छोट्या गाडीत डिझेल हवं असेल तर एखाददुसरा अपवाद सोडून सेकंडहँडच बघावी लागते.

मग गणित मांडू. समजा तुमच्या रस्त्यावर पेट्रोल गाडी १६ देते आणि डिझेल २०. पेट्रोल १०४ रुपये, डिझेल ९१ धरू. तुम्ही त्या दिवशीचा भाव घाला. पेट्रोलचा खर्च किलोमीटरला साडेसहा रुपये, डिझेलचा ४ रुपये ५५ पैसे. वाचले १ रुपया ९५ पैसे. डिझेल गाडीला ६० हजार जास्त मोजले असतील आणि महिन्याला ५०० किलोमीटर चालत असेल, तर ते ६० हजार वसूल व्हायला पाच वर्षांच्या वर लागतात. महिन्याला दीड हजार किलोमीटर असेल, तर पावणेदोन वर्षांत. आणि डिझेलच्या पंपाचं किंवा इंजेक्टरचं एक मोठं काम निघालं, की वर्षभराची बचत त्यात जाते. म्हणून माझं स्पष्ट मत आहे, की आठवड्याला दोन फेऱ्या करणाऱ्या गटाने जुन्या डिझेल गाडीच्या मागे लागू नये. रोज पुण्याला ये-जा असेल तर जरूर विचार करावा, कारण लांबच्या पल्ल्यात आणि कोंडीतही डिझेल कमी पितं. बीएस-६ डिझेलमध्ये काजळी धरून ठेवणारी गाळणी असते. ती साफ व्हायला गाडी अधूनमधून बराच वेळ सलग वेगात चालवावी लागते. वाडी ते शाळा एवढंच फिरणाऱ्या गाडीची गाळणी तुंबते. आरसी बुकावरची तारीखही बघा. १५ वर्षांनंतर पुन्हा नोंदणी करावी लागते आणि पर्यावरण कर बसतो.

पेट्रोलवाल्यांनाही एक गोष्ट माहीत हवी. पंपावर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉल आपल्या उसापासूनही होतं, शेतकऱ्याला त्याचा आधार आहे. पण लिटरमागे त्यात पेट्रोलच्या दोन-तृतीयांश इतकीच शक्ती असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच म्हटलं आहे, की जुन्या धर्तीच्या चारचाकीचं ॲव्हरेज यामुळे ६ ते ७ टक्के घटू शकतं आणि या इंधनासाठी जुळवलेल्या गाडीचं १ ते २ टक्के. १६ देणारी जुनी गाडी १५ वर आली, तर लगेच मेकॅनिककडे पळू नका.

आता आपला आकडा आपणच काढायचा. पंपावर टाकी फुल करा. नळी आपोआप ‘कट’ होते तिथे थांबा, वर आणखी ओतू देऊ नका. किलोमीटरचा आकडा वहीत लिहा. नेहमीसारखी गाडी चालवा, ॲव्हरेज काढायचंय म्हणून जपून नको. अर्धी टाकी संपली की त्याच पंपावर पुन्हा तशीच फुल करा. आत्ता जेवढे लिटर बसले, तेवढेच मधल्या किलोमीटरना लागले. किलोमीटरला लिटरने भागा. एकदा काढून भागत नाही, चार वेळा काढा. चारही वेळचे किलोमीटर एकत्र, लिटर एकत्र, मग भागाकार. गाडीच्या पडद्यावर दिसणारा आकडा बहुतेक वेळा थोडा गोड असतो, त्यावर पैसे ठरवू नका. मापाची शंका आली तर पंपावर ५ लिटरचं प्रमाणित माप असतं, त्यात मोजून दाखवा म्हणायचा आपल्याला हक्क आहे. सीएनजी गाडी असेल तर रीत हीच, फक्त लिटरऐवजी किलो, आणि पंपावरच्या रांगेत गेलेला वेळही वहीत टिपून ठेवा.

ही वही गाडीतच ठेवावी आणि गटाच्या बैठकीत सगळ्यांसमोर वाचावी. तारीख, किलोमीटर, लिटर, रुपये, आणि कुणी भरले, एवढे पाच रकाने पुरेत. फेरीची वर्गणी ठरवताना इंधनाच्या पैशांवर टायर, सर्व्हिसिंग आणि विम्याचेही काही रुपये घाला. वर्गणी आपल्या गटापुरतीच हं. पांढऱ्या पाटीच्या गाडीत भाडं घेऊन बाहेरची माणसं बसवता येत नाहीत, त्याला परवाना आणि पिवळी पाटी लागते. आणि आकडा दर तीन-चार महिन्यांनी नव्याने काढा. भर पावसात ताम्हिणीकडे जाणाऱ्या गाडीचा आणि मार्चमध्ये सपाटीने पुण्याला जाणाऱ्या गाडीचा आकडा एक येणार नाही.