शिंप्याचा वायदा आणि रोजा

२०२५ साली गुढीपाडवा ३० मार्चला आला आणि रमजान ईद ३१ मार्चला. मुळशीतल्या नांद्यासारख्या गावात शिवणकाम करणाऱ्या बाईच्या डोक्याचं त्या आठवड्यात काय होतं, ते मला विचारा. पाडव्याचे ब्लाउज, ईदचे सलवार-कुर्ते, त्यात लवळ्याच्या टेकडीवरून सिंबायोसिसची पोरं जीन्सची उंची कमी करायला घेऊन येणार. आणि हे सगळं रोज्यात.

“पाणीसुद्धा नाही?” असं गिऱ्हाईक विचारतंच. नाही, पाणीसुद्धा नाही. पहाटेच्या सहेरीनंतर सूर्य मावळेपर्यंत काहीच नाही. पण पाण्याचं एवढं काही नसतं, चार-पाच रोज्यांत शरीर ऐकायला लागतं. माझ्या धंद्यात रोजा अडतो तो जिभेपाशी. “उद्या या, तयार ठेवते,” हे आम्ही शिवणारी माणसं सहज बोलून जातो, तेव्हा कापड कातरलेलंही नसतं. बुखारींच्या संग्रहात पैगंबरांची एक हदीस, म्हणजे वचन, आहे. तिचा आशय असा, की माणूस खोटं बोलणं-वागणं सोडत नसेल, तर त्याच्या उपाशी राहण्याशी अल्लाहला काही देणंघेणं नाही. ही हदीस माहीत असलेल्या शिंप्याने “उद्या या” म्हणायचं तरी कसं? म्हणून रमजानमध्ये मी खरीच तारीख सांगते. गिऱ्हाईक कुरकुरतं, एखादं सूसला दुसरीकडे जातं. जाऊ दे.

कुरआनच्या दुसऱ्या सूरेतली १८३वी आयत रोज्याचं कारण सांगते: तक्वा यावा म्हणून. अल्लाह बघतोय, याची जाणीव ठेवून स्वतःला आवरणं म्हणजे तक्वा. नमाज चारचौघांना दिसते, हजला जाणाऱ्याला निरोप द्यायला अख्खी आळी जमते, जकात दिली की निदान घेणाऱ्याला तरी कळतं. रोज्याचं तसं नाही. मोरीत तोंड धुताना दोन घोट आत गेले तर कोणाला कळणार आहे? मला तर तक्वाची सगळी शिकवण त्या मोरीतच दिसते.

स्वतःला आवरण्यावर सगळ्यात बारकाईने कोणी लिहिलं असेल तर इमाम गझालींनी. इराणमधल्या तूस गावी १०५८ साली जन्मलेले गझाली बगदादच्या निजामिया मदरशात नामवंत अध्यापक होते. आपण शिकवतोय ते अल्लाहसाठी नाही, नावलौकिकासाठी, हे त्यांना उमगलं आणि १०९५ साली ते पद सोडून बाहेर पडले. पुढे ‘इह्या उलूमुद्दीन’ हा ४० प्रकरणांचा ग्रंथ झाला. त्यातली १० प्रकरणं माणसाला बुडवणाऱ्या दुर्गुणांवर आहेत आणि १० तारणाऱ्या गुणांवर. पोट आणि कामवासना या दोन भुकांसाठी त्यांनी एक अख्खं प्रकरण खर्ची घातलंय.

पण वासना मारून टाका, असं गझाली म्हणत नाहीत. भूक नसेल तर माणूस मरेल, काम नसेल तर वंश बुडेल, राग नसेल तर स्वतःचं रक्षण कोण करील? वासना आणि राग म्हणजे शिकाऱ्याचा घोडा आणि कुत्रा, त्यांना मारायचं नाही, शिकवायचं. गझालींचा इलाज उलटा असतो. कंजूष माणसाने मुद्दाम द्यावं, गर्विष्ठाने हलकं समजलं जाणारं काम करावं, आणि अंगवळणी पडेपर्यंत करत राहावं. शिवाय सकाळी स्वतःला अट घालायची, दिवसभर नजर ठेवायची आणि रात्री हिशेब घ्यायचा. हा हिशेब मला आवडतो, कारण तो वहीत लिहिता येतो. कोणाचं किती कापड उरलं आणि ते परत दिलं का, एवढं जरी रोज लिहिलं तरी नफ्सची, म्हणजे आपल्यातल्या त्या हावऱ्या ‘मी’ची, बरीच चलाखी उघडी पडते. गिऱ्हाइकाचं उरलेलं कापड ही अमानत, म्हणजे सांभाळायला दिलेली ठेव, आहे. एवढ्याशा तुकड्यात बाळाचं झबलं होतं, हे नफ्सला बरोबर माहीत असतं.

रागाची गोष्ट आमच्या मुळशीत समजावून सांगावी लागत नाही, हा कुस्तीचा तालुका. समोरच्याला आपटणारा खरा बलवान नव्हे, रागाच्या वेळी स्वतःला धरून ठेवतो तो बलवान, या अर्थाची हदीस इथल्या कुठल्याही तालमीत सांगा, मान हलेल. पाळायची वेळ आली की मात्र अवघड! रोजेदाराशी कोणी भांडायला आलं, तर ‘माझा रोजा आहे’ एवढं म्हणून थांबायचं, अशी शिकवण आहे. फॉलचा रंग जुळला नाही म्हणून दुकान डोक्यावर घेणाऱ्या वहिनींसमोर हे करून बघा.

एक गोष्ट मला खटकते. रमजानमध्ये संध्याकाळी कोंढव्यात किंवा मोमीनपुऱ्यात गेलं की वाटतं, हा महिना उपासाचा की जेवणावळीचा? हलीमशी माझं वैर नाही, खिम्याचा समोसा मलाही आवडतो. पण दिवसभराची भूक रात्री व्याजासकट वसूल केली, तर कमावलं काय? लोक रमजानसाठी पदार्थ साठवून ठेवतात आणि एरवी कित्येक महिन्यांत खात नाहीत एवढं या महिन्यात खातात, ही तक्रार गझालींनीही केली होती. त्याला ९०० वर्षं होऊन गेली.

कुरआनमध्ये नफ्सच्या तीन अवस्था येतात: वाईटाकडे ओढणारा अम्मारा, स्वतःलाच दोष देणारा लव्वामा आणि शांत झालेला मुत्मइन्ना. आम्हा बहुतेकांचा मुक्काम मधल्या अवस्थेत. नफ्सशी चाललेल्या या झगड्याला ‘मोठा जिहाद’ म्हणतात. ते वचन पैगंबरांचं म्हणून सांगितलं जातं, पण हदीसच्या जाणकारांच्या मते त्याची परंपरा कच्ची आहे. झगडा मात्र खराच आहे.

आणि तो आपल्या मराठीत मांडणारा माणूस फार लांबचा नाही. श्रीगोंद्याचे शेख महंमद सतराव्या शतकातले, सूफींच्या कादिरी परंपरेतले, चांद बोधल्यांचे शिष्य. १६४५ साली त्यांनी ‘योगसंग्राम’ पूर्ण केला. अठरा प्रसंगांच्या या ग्रंथातलं युद्ध आतलं आहे, काम-क्रोधादी शत्रूंशी चाललेलं. मुसलमान घरात जन्मून त्यांनी ओवीत लिहिलं आणि दोन्हीकडच्या ढोंगावर कोरडे ओढले. महिपतींनी ‘भक्तविजया’त त्यांची कथा सांगितली, वा. सी. बेंद्र्यांनी त्यांचं वाङ्मय संपादित केलं, रा. चिं. ढेऱ्यांनी मुसलमान मराठी संतकवींवर पुस्तक लिहिलं. शेख महंमदांचं वारकऱ्यांसारखं बोलणं आमच्यातल्या काहींना पटत नाही, हे मी जाणते. पण नफ्सची गोष्ट आमच्या आया-बहिणींना कळेल अशा भाषेत ज्याने सांगितली, त्याला विसरणं परवडणारं नाही. रमजानच्या बयानांत, म्हणजे प्रवचनांत, गझालींचं नाव मी कितीदा ऐकलंय, शेख महंमदांचं एकदाही नाही. आमच्या मौलाना साहेबांनी पुढच्या रमजानमध्ये एखादा दिवस त्यांनाही द्यावा, एवढंच मागणं आहे.