आधी एक वसंत जाऊ द्या

कोकणातलं बंद घर वर्षातून दोन-तीनदा उघडतं. गणपतीला, शिमग्याला आणि रजा जमलीच तर मे महिन्यात. परसाची साफसफाई होते ती बहुतेक गणपतीच्या आधी. रान छातीएवढं वाढलेलं असतं, माणसं दोन दिवसांवर आलेली असतात, आणि गडी लावून मागच्या दारापासून गडग्यापर्यंत सगळं सपाट केलं जातं. त्या कापणीत हळदीसारखी दिसणारी, मागच्या बाजूने जांभळट असलेली काही पानंही जातात. ती भुईचाफ्याची असतात. कापणाऱ्याला ते माहीत नसतं आणि कापून घेणाऱ्यालाही नसतं.

भुईचाफा हा हळदीच्या कुळातला कंद. पावसाळ्यात त्याला पानं येतात, थंडीत ती वाळून मातीला मिळतात आणि वर काही म्हणजे काही उरत नाही. मग फाल्गुन-चैत्रात, आजूबाजूची जमीन तापून भेगाळलेली असताना, एकही पान नसलेल्या जागेतून थेट फूल वर येतं. पांढऱ्या पाकळ्या, जांभळा ओठ आणि सुगंध. उंची वीतभरसुद्धा नाही. या फुलण्याची सगळी शिदोरी पावसाळ्यातल्या पानांनी कंदात साठवलेली असते. भाद्रपदात पानं छाटली गेली की कंद उपाशी राहतो आणि पुढचा वसंत कोरडा जातो. शिमग्याला आलेले घरचे लोक उघडं परस पाहून म्हणतात, इथे आता काही उरलेलं नाही. उरलेलं होतं. आपणच ते दर वर्षी कापत आलो.

म्हणून वर्षानुवर्षं पडीक असलेलं परस पुन्हा राबतं करायचं असेल, तर पहिल्या वर्षी खोदकामाची घाई करू नये. एक पूर्ण ऋतुचक्र पाहावं. विशेषतः माघ ते वैशाख हे चार महिने, कारण जुन्या परसातल्या कितीतरी गोष्टी फक्त तेव्हाच आपली ओळख देतात.

ओळख फुलांनीच पटते असं नाही. न्हाणीचं पाणी जिथून वाहायचं तिथे आपल्याकडे अळू, कर्दळ, केळ लावायची पद्धत. घर बंद पडून न्हाणीचे चिरे निखळले तरी अळूचे कंद पावसाळ्यात त्याच ओळीत फुटतात आणि जुना पाट कुठून जात होता ते दाखवतात. कढीपत्त्याचं एक झाड मुळांतून पिलं काढत काढत त्याचं बेट होतं. जास्वंदीची गोष्ट वेगळी. आपल्याकडच्या बागेतल्या जास्वंदीला सहसा बी धरत नाही, ती फांदी खोवूनच लावावी लागते. त्यामुळे झुडपांच्या गर्दीत जास्वंद दिसली, तर त्या जागी कधीतरी कुणीतरी ओणवं होऊन ती लावली होती, हे नक्की. घरात कुणी म्हातारं माणूस असेल तर त्यांना हात धरून परसात न्यावं. कुठली फुलं देवाला जायची आणि कुठल्या झाडाखाली वाळवणं घालायची, हे त्यांना आठवतं.

मोठ्या झाडांबाबत तर आणखी सावध राहायला हवं. पांगारा थंडीत निष्पर्ण होतो. देवचाफ्याच्या जाडजूड फांद्या माघात वाळक्या लाकडासारख्या दिसतात. अशा झाडांना मेलेली समजून लोक हातासरशी तोडून टाकतात. नखाने किंवा कोयतीच्या टोकाने साल किंचित खरवडून पाहावी. खाली हिरवं, ओलसर दिसलं तर झाड जिवंत आहे. मग महिनाभर थांबावं. पांगारा लालभडक पेटतो, मैना, बुलबुल, शिंजीर त्याच्या मधासाठी दिवसभर भांडतात, आणि ज्या खोडाला आपण सरपण म्हणणार होतो त्याच्यावरच पूर्वी काळ्या मिरीचा वेल चढवलेला होता, हेही त्या वेळी लक्षात येतं.

सिंधुदुर्गात एखाद्याच्या वाट्याला सुरंगीचं झाड आलं असेल तर ते भाग्यच. एरवी गर्द पानांचं हे झाड ओळखू येत नाही. फेब्रुवारीनंतर त्याच्या जुन्या, जाड फांद्यांना लगडून कळ्या येतात आणि वास आधी पोचतो, झाड नंतर दिसतं. वेंगुर्ले तालुक्यातल्या आसोलीचा परिसर सुरंगीसाठी ओळखला जातो. तिथे कळ्या वेचणं आणि वळेसर करून विकणं हा या दिवसांतला रोजगारच आहे. सुरंगी संथ वाढते. एक झाड गेलं की त्याच्या जागी दुसरं फुललेलं पाहायला बरीच वर्षं जातात.

देशावरच्या वाड्यांच्या परसाला सुरंगी नसेल, पण कडुनिंब असतोच. पाडव्याला गुढीला बांधायची डहाळी आपण तोडतो तेव्हा तिच्यावर बारीक पांढरा मोहर असतो. त्याचा मधासारखा वास सकाळी जास्त येतो, उन्हं चढली की विरतो. बकुळीची फुलं तर झाडावर दिसतही नाहीत. खाली पडलेला सडा पाहून मान वर करावी लागते.

एवढं सगळं वर दिसणारं. मातीच्या आत काय आहे ते त्याहून मोठं आहे. अमेरिकेतल्या मिशिगन इथल्या शेतकी महाविद्यालयात विल्यम बील या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८७९ साली वीस बाटल्यांत वाळूबरोबर तणांचं बी भरलं आणि त्या बाटल्या जमिनीत पुरून ठेवल्या. ठरावीक वर्षांनी एकेक बाटली काढायची आणि बी रुजतं का ते पाहायचं, असा तो प्रयोग. बील गेले, त्यांचे शिष्य गेले, प्रयोग चालूच राहिला. २०२१ च्या एप्रिलमध्ये उकरून काढलेल्या बाटलीतल्या काही बिया जवळजवळ १४२ वर्षांनंतरही रुजून आल्या. सगळ्याच वनस्पतींचं बी इतकं टिकत नाही, आंब्या-फणसाचं तर काही आठवड्यांतच जातं. पण मातीत बियांचा साठा असतो आणि उजेड-ओल मिळाली की तो जागा होतो, ही गोष्ट परस साफ करणाऱ्याने मनात धरून ठेवावी. कारण खणल्यावर आधी जागं होतं ते बहुतेक तणच.

तणांत ओळखायचे दोन शत्रू आहेत. पहिली घाणेरी, म्हणजेच टणटणी. १८०९ च्या सुमारास शोभेचं झुडूप म्हणून ती कलकत्त्याच्या बागेत आणली गेली आणि तिथून देशभर पसरली. दुसरं गाजर गवत. अमेरिकेहून आलेल्या गव्हातून त्याचं बी आलं असं मानलं जातं आणि भारतात त्याची पहिली ठळक नोंद १९५० च्या दशकात पुण्यातलीच आहे. एकेका झाडाला हजारोंनी बी धरतं. ते फुलावर यायच्या आत, हातमोजे घालून, मुळासकट उपटायचं. त्वचेची खाज आणि दमा दोन्ही त्याने बळावतात. या दोघांबाबत मात्र वसंताची वाट पाहू नये.

बाकीच्यांसाठी हत्यार जपून निवडावं. ग्लायफोसेटसारखं तणनाशक पानांतून शिरून मुळांपर्यंत आणि कंदांपर्यंत उतरतं. हरळीसाठी तोच त्याचा गुण, पण शेजारच्या भुईचाफ्याचाही तोच काळ. जेसीबी अर्ध्या दिवसात परस लख्ख करतो, पण कोकणात माती मुळातच पातळ आणि खाली जांभा. वरची दोन वीत माती खरवडली गेली की बी, कंद, गांडुळं सगळं ट्रॉलीतून जातं. पाचोळा पेटवू नये. कोपऱ्यात रचून ठेवला तर वर्षभरात त्याचंच खत होतं. आणि पाचोळ्यात, दगडांच्या कपारीत उघडा हात घालू नये. रत्नागिरी-सिंधुदुर्गात फुरसं अशाच जागी असतं. काठीने आधी चाळवावं, पायात गमबूट असावेत. दंश झालाच तर वेळ न घालवता सरळ सरकारी रुग्णालय गाठावं.

घाई न करण्याचं फळ किती मोठं असू शकतं, याचं उदाहरण इंग्लंडच्या कॉर्नवॉलमध्ये आहे. मेव्हागिसी गावाजवळची हेलिगन ही ट्रेमेन घराण्याची पिढ्यान्‌पिढ्यांची बाग. पहिल्या महायुद्धाने तिथले माळी नेले. त्यांच्या संडासाच्या भिंतीवर त्यांनी पेन्सिलीने लिहिलेली नावं आणि ‘ऑगस्ट १९१४’ ही नोंद सापडली आहे. त्यातले कितीतरी जण परतले नाहीत. त्यानंतर बाग काटेरी वेलींखाली गेली. १९९० च्या जानेवारीत मोठं वादळ झालं, झाडं कोसळली. पुढच्याच महिन्यात घराण्याचे वारस जॉन विलिस यांच्याबरोबर टिम स्मिट तिथे शिरले. वेली कापत वाटा मोकळ्या होत गेल्या, तसतशी जुनी कॅमेलिया आणि ऱ्होडोडेंड्रॉन जिवंत उभी असल्याचं दिसू लागलं. उत्तराखंडात ज्याला बुरांश म्हणतात, तो ऱ्होडोडेंड्रॉनचाच एक प्रकार. जोसेफ हूकर यांनी १८४८ ते १८५० च्या दरम्यान सिक्कीमच्या डोंगरांतून गोळा केलेल्या बियांपासून वाढलेली झाडंही त्यांत होती. पाऊणशे वर्षांच्या दुर्लक्षानंतरही हिमालयातला हा लाल रंग कॉर्नवॉलमध्ये दर वसंतात उमलतच होता, फक्त पाहायला कुणी नव्हतं. १९९२ मध्ये बाग लोकांसाठी खुली झाली.

हेलिगनला माणसांचा ताफा होता, आपल्याकडे चार दिवसांची रजा असते. तेवढ्यात जमण्यासारखंही बरंच आहे. गणपतीच्या आधी संपूर्ण परस न कापता मागच्या दारापासून विहिरीपर्यंत आणि विहिरीपासून गडग्यापर्यंत माणूस जाईल एवढी वाट काढावी. हळदीसारख्या पानांचा पुंजका दिसला तर चारी बाजूंनी खुंट्या ठोकून सुतळी बांधावी, म्हणजे गड्यालाही कळतं. फोनमध्ये फोटो काढून ठेवावेत, एकाच जागी उभं राहून, दर खेपेला. जुनाट मोगरा सापडला तर पौषात हातभर उंची ठेवून छाटावा. मोगरा नव्या फुटव्यांवर फुलतो, जुन्या काटक्या वाढवून काही मिळत नाही. छाटल्यावर आळं करून शेणखत आणि पाणी दिलं की चैत्रापासून कळ्या धरू लागतात. वीस वर्षं कुणी न पाहिलेला मोगराही असा उठतो.

दुसऱ्या वर्षी मग काय ठेवायचं, काय हलवायचं, कुठे वाफा काढायचा हे ठरवावं. भुईचाफ्याचे कंद हलवायचे असतील तर थंडीत, पानं पूर्ण वाळल्यावर हलवावेत. जागा मात्र आधी खुणेने दाखवलेली हवी, कारण तेव्हा वर काहीच दिसत नाही.

भुईचाफ्याचं एकेक फूल जेमतेम एक दिवस टिकतं. यंदा शिमग्याला गावी गेलात तर पालखीच्या दुसऱ्या दिवशी लगेच मुंबईची गाडी धरू नका. सकाळी उन्हं चढायच्या आत, चहा घेऊन, मागच्या दाराने एकदा परसात जाऊन या.