अंगणातल्या गुलाबावरील बुरशीरोग



ऊस पाहणीसाठी फिरताना बऱ्याच सभासदांच्या दारात गुलाब दिसतो. गेल्या पावसाळ्यात एका घरी चहाला थांबलो, तेव्हा वहिनींनी झाड दाखवलं. शेंड्याला चार पानं, बाकी नुसत्या काड्या. सभासद म्हणाले, "साहेब, उसाच्या किडीचं उरलेलं औषध तीनदा मारलं, तरी पानं गळतातच." पानांवर काळे ठिपके होते. रोग बुरशीचा आणि औषध किडीचं, मग गुण येणार कसा? शिवाय त्याच झाडाची फुलं मुली केसात माळत होत्या. हे जास्त धोक्याचं.

गुलाबावर मुख्यतः तीन बुरशीरोग येतात.

१) काळे ठिपके : हा पावसाळ्यातला रोग. पानावर झालरीच्या कडेचे गोल ठिपके पडतात, पान पिवळं होऊन गळतं. बुरशी गळलेल्या पानावर टिकते व पावसाच्या शिंतोड्यांनी वर चढते. पान सात-आठ तास ओलं राहिलं की रोग लागतो. म्हणून पाणी सकाळी, बुंध्याशी द्यावे. गरज पडल्यास १ लिटर पाण्यात अडीच ग्रॅम मॅन्कोझेब फवारावे.

२) भुरी : दिवसा कोरडी हवा व रात्री गारवा असला की येते. कोवळी पानं व कळ्या पांढऱ्या पडतात, पानं मुरडतात. हिला पान ओलं लागत नाही. पाण्यात मिसळणारे गंधक लिटरला २ ग्रॅम घ्यावे. कडक उन्हात मारू नये, पानं करपतात.

३) शेंडेमर : छाटणीनंतर फांदी टोकाकडून खाली काळी पडत जाते. धारदार कात्रीने काळ्या भागाच्या खाली, निरोगी भागात काप घ्यावा व त्यावर बोर्डो पेस्ट लावावी. मोरचूद १०० ग्रॅम व कळीचा चुना १०० ग्रॅम, प्रत्येकी अर्धा लिटर पाण्यात वेगवेगळे कालवून मग एकत्र करावे. लोखंडी भांडे वापरू नये.

उसात चाबूक काणी दिसली की आपण पोत्याने झाकून बेटच उपटतो व जाळतो. गुलाबाचंही तेच. रोगट पानं वेचून जाळा, औषध त्यानंतर. तणनाशकाचा पंप गुलाबाला लावू नका, झाडच जाईल. आणि फवारलेल्या झाडाच्या पाकळ्या गुलकंदाला मुळीच घेऊ नका.

— ऊस विकास अधिकारी